देवाची देणगी आणि माणसाचा हिशेब: दिएगो मॅराडोना

दिएगो आर्मांदो मॅराडोना (१९६०–२०२०) हा विसाव्या शतकातील सर्वश्रेष्ठ फुटबॉलपटूंपैकी एक होता, यावर जाणकारांत फारसे दुमत नाही. दुमत आहे ते माणसाबद्दल. कोकेनचे व्यसन, चाचणीत दोषी ठरल्यामुळे दोनदा पंधरा-पंधरा महिन्यांची बंदी, वर्षानुवर्षे नाकारलेला मुलगा, नेपल्समधील कामोरा टोळ्यांच्या म्होरक्यांशी ऊठबस, पत्रकारांवर रोखलेली छऱ्यांची बंदूक आणि स्त्रियांशी केलेल्या वर्तनाचे गंभीर आरोप या साऱ्यांशी त्याचे नाव जोडलेले आहे. याच माणसाच्या नावाने १९९८ मध्ये अर्जेंटिनातील रोसारिओ शहरात एक पंथ निघाला. त्या पंथाला दहा आज्ञा आहेत, त्याचा नाताळ २९ ऑक्टोबरच्या रात्री साजरा होतो आणि त्याची कालगणना मॅराडोनाच्या जन्मापासून चालते. पंथाची सुरुवात मित्रांच्या गमतीतून झाली असली, तरी त्यामागची भावना खोटी नाही. असामान्य देणगी ज्याच्या वाट्याला येते त्याच्या वर्तनाचा हिशेब वेगळ्या वहीत मांडायचा का, हा धर्मशास्त्र आणि नीतिशास्त्र दोन्हींतला जुना प्रश्न आहे. मॅराडोनाच्या आयुष्याइतका तो उघडपणे क्वचितच कुठे समोर येतो.

मॅराडोनाचा जन्म ३० ऑक्टोबर १९६० रोजी ब्यूनस आयर्सच्या दक्षिणेकडील लानुस येथे झाला. तो वाढला व्हिया फिओरितो या गरीब वस्तीत. आईवडील कोरिएंतेस प्रांतातील एस्किना गावाहून पोटासाठी राजधानीकडे आलेले. वडील हाडे दळण्याच्या कारखान्यात मजुरी करत. चार मुलींनंतर झालेला हा पहिला मुलगा. अर्हेंतिनोस ज्युनियर्सच्या ‘सेबोयितास’ या बालसंघात त्याचे पाय दिसले आणि २० ऑक्टोबर १९७६ रोजी, सोळावा वाढदिवस दहा दिवसांवर असताना, तो पहिल्या श्रेणीत खेळला. क्लबने कुटुंबाला राहायला घर दिले. मिसरूडही न फुटलेल्या मुलावर सगळे घर अवलंबून राहू लागले. त्याला नाही म्हणण्याची ताकद कोणाच्याच हाती उरली नाही, याची सुरुवात इथे आहे. पुढचे बरेच काही त्यातून समजते.

त्याला घडवणाऱ्या संस्कृतीने या मुलाची प्रतिमा त्याच्या जन्माआधीच तयार करून ठेवली होती. १९२८ मध्ये ‘एल ग्राफिको’ या क्रीडा नियतकालिकातून बोरोकोतो या टोपणनावाने लिहिणाऱ्या पत्रकाराने अर्जेंटिनाच्या फुटबॉलचा पुतळा कसा असावा हे सांगितले होते. मळक्या चेहऱ्याचा, विस्कटलेल्या केसांचा, फाटक्या कपड्यांतला, मोकळ्या पटांगणात खेळलेला चलाख पोरगा, असे ते वर्णन होते. हा पोरगा नियमांच्या शाळेत शिकलेला नसतो, तो हिकमतीवर जगतो. मानवशास्त्रज्ञ एदुआर्दो आर्चेत्ती यांनी या प्रतिमेचा सविस्तर अभ्यास केला. ‘सोन्याचा पोरगा’ ही मॅराडोनाची पदवी तिथूनच येते. या प्रतिमेत एक नैतिक सवलत दडलेली आहे. पोरगा कधी मोठा होत नाही आणि पोराला कोणी पूर्ण जबाबदार धरत नाही. मॅराडोनाचे चाहते त्याला ज्या मायेने क्षमा करत आले ती देवाला दिलेली क्षमा नव्हती, ती पोराला दिलेली क्षमा होती. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाच्या बाबतीत हा युक्तिवाद टिकत नाही.

१९७८ च्या विश्वचषकासाठी प्रशिक्षक मेनोत्ती यांनी त्याला वगळले. पुढच्याच वर्षी जपानमध्ये त्याने युवा विश्वचषक जिंकून दिला. १९८१ मध्ये बोका ज्युनियर्स, १९८२ मध्ये बार्सिलोना. बार्सिलोनातील दोन वर्षे दुखण्यांत आणि भांडणांत गेली. आधी कावीळ झाली, मग सप्टेंबर १९८३ मध्ये बिल्बाओच्या आंदोनी गोइकोएचियाने त्याचा घोटा मोडला आणि १९८४ च्या राजाच्या चषकाच्या अंतिम सामन्यानंतर मैदानावरच हाणामारी झाली. कोकेनची सुरुवातही तिथलीच, असे तो स्वतः सांगत असे.

सर्वात मोठा नैतिक पेच उभा राहिला तो २२ जून १९८६ रोजी मेक्सिको सिटीच्या आझ्टेका मैदानावर. उपांत्यपूर्व फेरीत समोर इंग्लंड. चारच वर्षांपूर्वी माल्विनास, म्हणजे फॉकलंड बेटांच्या युद्धात अर्जेंटिनाचे ६४९ सैनिक मारले गेले होते. त्यांतले ३२३ ‘जनरल बेल्ग्रानो’ या एकाच युद्धनौकेवरचे. सामन्याच्या ५१ व्या मिनिटाला उंच उडालेल्या चेंडूवर गोलकीपर पीटर शिल्टन आणि मॅराडोना एकत्र झेपावले आणि मॅराडोनाने डाव्या मुठीने चेंडू जाळ्यात ढकलला. ट्युनिशियाचे रेफरी अली बेनासूर यांना हात दिसला नाही. चारच मिनिटांनी त्याने स्वतःच्या अर्ध्या भागात चेंडू घेतला, इंग्लंडचे खेळाडू एकामागून एक मागे टाकले, शिल्टनलाही चकवले आणि दुसरा गोल केला. २००२ मध्ये फिफाने घेतलेल्या मतदानात तो शतकातला सर्वोत्तम गोल ठरला. सामना २–१ असा सुटला आणि आठवडाभरात अर्जेंटिना विश्वविजेता झाला.

पहिल्या गोलबद्दल विचारल्यावर मॅराडोना म्हणाला की तो थोडा मॅराडोनाच्या डोक्याने आणि थोडा देवाच्या हाताने झाला. हे उत्तर जगभर चातुर्य म्हणून सांगितले जाते, पण नीतीच्या दृष्टीने ते बारकाईने तपासण्याजोगे आहे. त्यात कबुली नाही आणि नकारही नाही. कृती मान्य आहे, कर्ता मात्र बदललेला आहे. माणसाने केलेली फसवणूक त्यात देवाच्या खात्यावर टाकली गेली. आणि ती क्षणिक चूकही नव्हती. सहकारी मिठी मारायला येईनात तेव्हा, या आणि मला मिठी मारा, नाहीतर रेफरी गोल देणार नाही, असे आपण त्यांना सांगितल्याचे त्याने नंतर सांगितले. हात वर गेला तो क्षणाच्या ओघात, असे मानता येईल. मिठीची मागणी ओघातली नव्हती.

या गोलच्या समर्थनार्थ युद्धाचा दाखला दिला जातो. सामन्यापूर्वी फुटबॉलचा युद्धाशी संबंध नाही असे सांगणाऱ्या मॅराडोनानेच पुढे आत्मचरित्रात हा विजय मेलेल्या मुलांच्या वतीने घेतलेला सूड असल्याची भावना मांडली. भावना म्हणून ती समजण्यासारखी आहे, न्याय म्हणून ती लंगडी पडते. ज्या शिल्टनला फसवले त्याने बेल्ग्रानो बुडवली नव्हती, आणि त्या मुलांना युद्धात लोटणाऱ्यांत खुद्द अर्जेंटिनाची लष्करी राजवटही होती. खेळाडूला दुसरा मार्ग नव्हता असेही नाही. २६ सप्टेंबर २०१२ रोजी नेपल्समध्ये, मॅराडोनाच्याच जुन्या मैदानावर, लाझिओकडून खेळणाऱ्या मिरोस्लाव क्लोझेचा हाताला लागून झालेला गोल रेफरीने दिला होता. क्लोझेने स्वतः जाऊन सांगितले आणि गोल रद्द झाला. त्याचा संघ तो सामना ३–० असा हरला.

दुसऱ्या गोलचे काय? चार मिनिटांपूर्वी फसवणूक करणाऱ्या माणसाच्या पायातून ते सौंदर्य आले म्हणून ते उणे ठरते का? या प्रश्नाला ख्रिस्ती परंपरेत जवळपास तंतोतंत जुळणारा एक वाद आहे. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेतल्या डोनाटिस्ट पंथीयांनी असा आक्षेप घेतला की छळाच्या काळात ज्या धर्मगुरूंनी घाबरून पवित्र ग्रंथ शत्रूच्या हाती दिले, त्यांनी दिलेला बाप्तिस्मा फोल आहे. अशुद्ध हातातून शुद्धी येणार कशी? हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने त्याला विरोध केला. बाप्तिस्मा देणारा खरा ख्रिस्तच असतो, हात कोणाचा हे गौण, असे त्याचे म्हणणे. दगडी पन्हळीतून पाणी बागेत जाते. पन्हळीत काही उगवत नाही, पण बाग भिजते, असा त्याचा दृष्टांत होता. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने हाच विचार पुढे नेला. त्याने कृपेचे दोन प्रकार केले. एक कृपा माणसालाच देवाच्या जवळ नेते, त्याला निर्मळ करते. दुसरी कृपा इतरांच्या हितासाठी दिलेली असते. ती ज्याच्या हाती येते तो त्यामुळे चांगला माणूस होतोच असे नाही.

मॅराडोनाच्या बाबतीत हा भेद फार उपयोगी पडतो, आणि त्याच्या भक्तांना व निंदकांना तो सारखाच अडचणीचा आहे. निंदकांना यासाठी की आझ्टेकावरचा तो दुसरा गोल माणसाच्या पापांनी बाटत नाही. तो पाहणाऱ्या लाखोंना जे मिळाले ते खरेच मिळाले, आणि आजही मिळते. भक्तांना यासाठी की त्या गोलचे पुण्य माणसाच्या खात्यात जमा होत नाही. पन्हळीने बाग भिजवली म्हणून पन्हळीला पापमुक्ती मिळते, असे ऑगस्टीन कुठेच म्हणत नाही. उलट अपात्र धर्मगुरूला स्वतःचा जाब द्यावाच लागतो, हे त्याला पूर्ण मान्य होते. एवढे मात्र खरे की खेळाडूचे कौशल्य केवळ वरून आलेले नसते. त्यामागे मोडलेल्या घोट्यावरचे तासन् तास आहेत, वेदनाशामक सुया टोचून खेळलेले सामने आहेत. ही मेहनत मॅराडोनाची स्वतःची होती आणि तिचे श्रेय त्याला द्यायलाच हवे. मात्र मेहनतीचे श्रेय आणि वर्तनाची सूट या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

५ जुलै १९८४ रोजी नेपल्सच्या सान पाओलो मैदानावर हजारो लोक केवळ त्याला पाहायला जमले, तेव्हापासून खेळाचे रूपांतर उपासनेत होऊ लागले. इटलीच्या उत्तरेतले प्रेक्षक दक्षिणेच्या या शहराला कॉलऱ्याचे आणि भूकंपाचे शहर म्हणून हिणवत. इटलीच्या मुख्य भूमीवरील दक्षिणेच्या एकाही संघाने तोवर लीग जिंकली नव्हती. नापोलीने ती १९८७ मध्ये जिंकली आणि १९९० मध्ये पुन्हा. मधल्या काळात १९८९ चा यूएफा चषकही आला. नेपल्स हे संत जेन्नारोचे शहर आहे. वर्षातून तीनदा त्याच्या कुपीतले गोठलेले रक्त द्रवरूप होण्याची वाट पाहिली जाते आणि उशीर झाला तर पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायका संताला खडसावतात. शहराने मॅराडोनालाही संतांच्या पंक्तीत बसवले. गल्लीबोळांतल्या देवळ्यांत त्याची तसबीर आली, एका बारमध्ये त्याचा केस जपून ठेवला गेला. फक्त खडसावण्याची रीत त्याच्यापर्यंत आली नाही.

त्याचे परिणाम लवकरच दिसले. कामोराच्या जुलियानो घराण्याने त्याला आपलेसे केले. शिंपल्याच्या आकाराच्या बाथटबमध्ये त्यांच्यासोबत काढलेले छायाचित्र प्रसिद्ध आहे. कोकेन नियमित झाले. क्लबचे अध्यक्ष कोर्रादो फेर्लाइनो यांनी पुढे मुलाखतीत सांगितले की चाचणीत दुसऱ्याचे मूत्र वापरून खेळाडू वाचवले जात. सप्टेंबर १९८६ मध्ये नेपल्समध्ये त्याचा मुलगा जन्मला. मॅराडोनाने पितृत्व नाकारले, चाचणीला नकार दिला. १९९३ मध्ये इटालियन न्यायालयाने पितृत्व जाहीर केले तरी त्याने ते मनापासून स्वीकारले २०१६ मध्ये, मुलगा तिशीला टेकला तेव्हा. भक्तांचा यातला वाटा फारसा कोणी मोजत नाही, पण तो मोजायला हवा. रविवारी गोल हवा म्हणून सोमवार ते शनिवार काय चालते याकडे डोळेझाक करणारे शहर, क्लब आणि डॉक्टर निर्दोष राहत नाहीत. पूजा ही त्या माणसाची सेवा नव्हती, त्याचा वापर होता.

३ जुलै १९९० रोजी विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाने इटलीला नेपल्समध्येच पेनल्टीवर हरवले. सामन्याआधी त्याने नेपल्सच्या लोकांना, इटली तुम्हाला आपले कधी समजते, असे विचारून आपल्या बाजूने ओढले होते. त्यानंतर इटलीत त्याला कोणी वाचवले नाही. १७ मार्च १९९१ च्या बारीविरुद्धच्या सामन्यानंतर चाचणीत कोकेन सापडले. १९९४ च्या विश्वचषकात ग्रीसविरुद्ध गोल केल्यावर चारच दिवसांनी, नायजेरियाविरुद्धच्या सामन्यानंतर एफेड्रिन सापडले आणि त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपली. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत घराबाहेरच्या पत्रकारांवर त्याने छरे झाडले होते. त्याबद्दल १९९८ मध्ये त्याला शिक्षा झाली, ती स्थगित स्वरूपाची. ऑक्टोबर १९९७ मध्ये तो निवृत्त झाला.

निवृत्तीनंतरच्या काळात त्याच्या बचावासाठी एक नवा युक्तिवाद रूढ झाला: माणसे दोन आहेत. त्याचा शारीरिक प्रशिक्षक फेर्नांदो सिग्नोरिनी याने म्हटले होते की दिएगोबरोबर आपण जगाच्या टोकापर्यंत जाऊ, मॅराडोनाबरोबर एक पाऊलही टाकणार नाही. आसिफ कपाडिया यांचा २०१९ चा माहितीपट याच भेदावर उभा आहे. व्हिया फिओरितोचा लाजरा, हळवा मुलगा एकीकडे आणि जगाला तोंड देण्यासाठी घातलेला मुखवटा दुसरीकडे. मानसिक सत्य म्हणून हे पटते. पण जबाबदारीच्या प्रश्नाला ते उत्तर देत नाही. ज्या मुलाला नाकारले गेले त्याला नाकारणारा बाप एकच होता. जखम मुखवट्याने केली म्हणून ती कमी दुखत नाही.

तत्त्वज्ञानात आणखी एक बचाव उपलब्ध आहे आणि तो जास्त गंभीर आहे. बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७६ मध्ये ‘नैतिक दैव’ या कल्पनेची चर्चा करताना चित्रकार गोगॅंचे उदाहरण घेतले. बायकामुले सोडून चित्रांसाठी दूर बेटावर जाणारा माणूस मोठा चित्रकार ठरला, तर त्याच्या निर्णयाला मागाहून काही समर्थन मिळते का? विल्यम्स यांनी सरळ होकार दिलेला नाही, पण प्रश्न खरा आहे हे मान्य केले आहे. मॅराडोनाला हे उदाहरण लागू पडत नाही. गोगॅंच्या बाबतीत निदान असे म्हणता येते की ती चूक ही कलेची किंमत होती. मुलाला नाकारल्यामुळे मॅराडोनाचा एकही पास अधिक अचूक गेला नाही. कोकेनने गोल दिले नाहीत, गोल हिरावले. कुस्तुरिका यांच्या २००८ च्या माहितीपटात तो स्वतःच खंत करतो की कोकेन घेतले नसते तर आपण कसले खेळाडू झालो असतो. प्रतिभा आणि विनाश एकाच मुळातून येतात ही समजूत ऐकायला मोहक वाटते, पण या आयुष्यात तरी तिला आधार सापडत नाही.

तरीही लोक त्याला सोडत नाहीत, आणि त्याचे कारण अर्जेंटिनाच्या लोकधर्मात शोधावे लागते. कॅथलिक चर्च एखाद्याला संत ठरवताना असामान्य सदाचार आणि चमत्कार अशा दोन्ही गोष्टी तपासते. लोकांचे संत मात्र चमत्कारावर ठरतात. मॅराडोनाच्या आईवडिलांच्या कोरिएंतेस प्रांतातच गाउचितो हिल याचे ठाणे आहे. एकोणिसाव्या शतकातला हा फरारी, दंतकथेनुसार श्रीमंतांना लुटून गरिबांना देणारा. त्याला मारणाऱ्याच्याच आजारी मुलाला त्याच्या नावाने केलेल्या प्रार्थनेने गुण आला, असे सांगतात. दरवर्षी ८ जानेवारीला मेर्सेदेस गावाजवळ लाल झेंड्यांची रीघ लागते. चर्चने त्याला संत म्हटलेले नाही, भाविकांना त्याची गरजही वाटत नाही. या परंपरेत संताचे चारित्र्य कोणी विचारत नाही. तो आपल्यातला होता का आणि त्याने दिले का, एवढेच विचारले जाते. दोन्ही प्रश्नांना मॅराडोनाचे उत्तर होय आहे. व्हॅटिकनच्या सोनेरी छतांवर आणि गरिबांविषयीच्या प्रवचनांवर त्याने जी जाहीर टीका केली, तीही याच लोकधर्माच्या भाषेतली होती. कोलकात्यात २००८ मध्ये आणि कन्नूरला २०१२ मध्ये त्याला पाहायला लोटलेली गर्दीही याच भावनेने आली होती.

ही भक्ती हीन लेखण्याचे कारण नाही. ज्यांना कोणी मोजत नाही अशा माणसांना आपल्यातला एक जण जगाला नमवताना दिसला, हा अनुभव खरा आहे. पण भक्ती एका गोष्टीवर हक्क सांगू शकत नाही, आणि ती म्हणजे क्षमा. १० नोव्हेंबर २००१ रोजी बोकाच्या मैदानावरील निरोपाच्या सामन्यात मॅराडोना म्हणाला की आपण चुकलो आणि किंमत मोजली, पण चेंडूला डाग लागत नाही. मैदान रडले. मात्र ज्यांच्याबाबतीत तो चुकला होता ते त्या मैदानावर बसलेले प्रेक्षक नव्हते. क्षमा करण्याचा अधिकार ज्याला दुखावले त्याचा असतो, आणि तो गर्दीला हस्तांतरित करता येत नाही. बेनासूर यांनी क्षमा केली. २०१५ मध्ये मॅराडोना ट्युनिशियात त्यांच्या घरी गेला आणि त्यांना स्वाक्षरीचा शर्ट दिला. शिल्टनने केली नाही, कारण त्याच्याकडे कधी माफीच मागितली गेली नाही, असे तो सांगत आला. नेपल्सच्या मुलाने बापाला जवळ केले. तिघांचेही निर्णय त्यांचे त्यांचे आहेत आणि तिघेही बरोबर आहेत.

२०२१ मध्ये क्यूबातील एका स्त्रीने आरोप केला की वीस वर्षांपूर्वी, आपण सोळा वर्षांची असताना, मॅराडोनाने आपल्यावर बलात्कार केला. तेव्हा तो हयात नव्हता आणि आरोपाची त्याच्यासमोर छाननी होऊ शकली नाही. त्याआधी २०१४ मध्ये जोडीदाराशी हिंसक वागल्याच्या चित्रफितीवरून वाद झाला होता. मारल्याचा आरोप त्याने नाकारला. २८ नोव्हेंबर २०२० रोजी स्पेनमधील एका सामन्याआधी मॅराडोनासाठी मौन पाळले जात असताना पाउला दापेना ही खेळाडू पाठ फिरवून जमिनीवर बसली. हिंसेला बळी पडलेल्या स्त्रियांसाठी मौन पाळले जात नाही, तर हे आपण पाळणार नाही, असे तिचे म्हणणे होते. मॅराडोनाचा मृत्यू २५ नोव्हेंबरचा, आणि तोच स्त्रियांवरील हिंसाचाराच्या निषेधाचा आंतरराष्ट्रीय दिवस. दापेनाला धमक्या आल्या. खेळाचे कौतुक करणाऱ्याने तिच्यासारखे बसलेच पाहिजे असे नाही, पण बसणाऱ्याला धमकावणारी भक्ती धर्माच्या सर्वात वाईट रूपाला जाऊन मिळते.

शेवटच्या वीस वर्षांत २००० मधला हृदयविकार, क्यूबातील उपचार, २००५ मधील जठराची शस्त्रक्रिया, राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षकपद आणि २०१० मध्ये जर्मनीकडून ४–० असा पराभव असे चढउतार झाले. ३ नोव्हेंबर २०२० रोजी मेंदूवरील रक्ताची गाठ काढण्यात आली आणि २५ नोव्हेंबरला ब्यूनस आयर्सजवळच्या तिग्रे भागातील भाड्याच्या घरात तो हृदय बंद पडून मरण पावला. देशात तीन दिवसांचा दुखवटा जाहीर झाला, पार्थिव राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादात ठेवले गेले, केरळ सरकारने क्रीडाक्षेत्रात दोन दिवसांचा शोक पाळला आणि नेपल्सच्या मैदानाला महिन्याभरात त्याचे नाव मिळाले. तज्ज्ञांच्या वैद्यकीय मंडळाने २०२१ मध्ये नोंदवले की त्याच्यावरचे उपचार अपुरे होते आणि शेवटचे किमान बारा तास तो तडफडत होता. त्याची देखभाल करणाऱ्या सात वैद्यकीय व्यावसायिकांवर मार्च २०२५ मध्ये खटला सुरू झाला. तीनपैकी एका न्यायाधीशाने त्याच खटल्यावरील माहितीपटात भाग घेतल्याचे उघड झाल्याने तो मे महिन्यात रद्द ठरला आणि सुनावणी नव्याने घेण्याचे ठरले.